दारावरचे डाग

सहावी पेटी गेली तेव्हा ह्यांनी सकाळचं खाणं सोडलं. आठवी गेली तेव्हा दुपारचं. दहावी गेली त्या दिवसापासून चमचा ओठांपर्यंत न्यावा आणि भरलेला तसाच परत आणावा, एवढंच माझ्या हाती उरलं. डॉक्टर म्हणाले, गिळण्यात काही दोष नाही, ज्याला जगायचं असतं तो गिळतो. असं म्हणून ते बॅग उचलून निघून गेले. अकरा मधपेट्यांपैकी एक शिल्लक होती आणि तीही गेली की माझा नवरा जाणार, हे मला सांगायला डॉक्टर नको होता.

चार महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात, डोळे आणि घशातून निघणारं एक ‘अं’ एवढं मागे राहिलं. धंद्याने हे सुतार. सगळ्या पेट्या त्यांनी स्वतः केलेल्या, आमच्या मागच्या अंगणात भिंतीच्या कडेने ओळीने मांडलेल्या. मागच्या पडवीत चाकाच्या खुर्चीवर बसवलं की ते दिवसभर तिकडेच बघत. माझ्याकडे बघत नसत असं नाही, पण माझ्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यात काही हलत नसे. पेट्यांकडे बघून हले. त्याचा मला मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मी बत्तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात काढली. शेवटची दहा वर्षं मुकादम होते. दिवसाला सहाशे चादरी माझ्या नजरेखालून जायच्या आणि एखादीवर रुपयाएवढा डाग राहिला तरी मी ती परत हौदात टाकायला लावायची. पोरी मला पाठीमागे फिनाईलबाई म्हणायच्या, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागल्या. मला त्याचा राग आला नाही. घरातही तेच. आमच्या फरशीवर पडलेलं उचलून खावं, अशी माझी फुशारकी असे. माश्यांचं तेवढं मी ह्यांच्यावर सोडलं होतं. मध माझा, माश्या त्यांच्या, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली. चौतीस वर्षांत मी कपड्यांच्या दोरीपलीकडे पाऊल टाकलं नाही. पण ह्यांचं एक मी चारचौघींत मिरवायची. अंगणातून घरात येताना ह्यांच्या हातांना नेहमी साबणाचा वास असायचा. नवरा असावा तर असा, न सांगता हात धुतो, असं मी माझ्या बहिणींना ऐकवायची. त्या आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या.

झटक्यानंतर पेट्या माझ्याकडे आल्या. करणार कोण? लेक लांबच्या शहरात, तिची नोकरी, तिचं तान्हं. मी ह्यांचं जुनं मधपालनाचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, पेटी व पेटीचा परिसर स्वच्छ ठेवावा. वाचून मला हायसं वाटलं. हे तर माझंच काम.

पाऊस ओसरला आणि एका सकाळी मला पेट्यांच्या दारांभोवती डाग दिसले. हिरवट, तपकिरी, मसुराएवढे ठिपके, कुठे दहा तर कुठे शंभर. पुस्तकात मागे रोगांचं प्रकरण होतं, त्यात दारावर डाग म्हणजे माश्यांना जुलाब असं दिलेलं होतं. लेकीला फोन केला. तीही म्हणाली, “हो आई, इथे नेटवरही तसंच लिहिलंय. पुसून काढ.” मग काय, मी बादलीत गरम पाणी घेतलं, सोडा घातला, ताठ ब्रश घेतला आणि अकराच्या अकरा दारं घासून काढली. दुसऱ्या दिवशी डाग परत. मी परत घासले. तिसऱ्या दिवशी पाण्यात फिनाईलही घातलं.

मी घासायला बसले की हे खुर्चीच्या दांड्यावर डावा हात आपटायचे. थाप, थाप, आणि घशातून ते ‘अं’. मला वाटे त्यांना आत जायचं असेल, ऊन लागत असेल, लघवीला लागली असेल. प्रत्येक वेळी मी उठून एकेक विचारून बघायची आणि काहीच लागू पडलं नाही की म्हणायची, “अहो, करतेय ना तुमच्याच माश्यांचं. धीर धरा जरा.” चौतीस वर्षं मी बोलत होते आणि ते ऐकत होते. उलटं करायची सवय मला नव्हती.

आठवडाभरात गांधीलमाश्या आल्या.

बोटाच्या दोन पेरांएवढी एकेक, डोकं पिवळंजर्द, आणि आवाज असा की घरात बसून कळावं. आधी एखाददुसरी येऊन दारासमोर हवेत टांगल्यासारखी उभी राही आणि बाहेरून येणारी मधमाशी झेलून नेई. मग एक दिवस बारा-पंधरा मिळून आल्या. त्यांनी दाराचं लाकूड कुरतडून भोक मोठं केलं आणि आत घुसल्या. दोन तासांत पेटीपुढे डोकी तुटलेल्या मधमाश्यांचा ढीग लागला. मी तो सुपलीने भरला. त्यानंतर चार दिवस त्या निवांतपणे आतल्या अळ्या ओढून नेत होत्या, घरचं कार्य असल्यासारख्या. अळ्या संपल्या की पुढची पेटी.

मी जमेल ते केलं. लेकीची शाळेतली जुनी रॅकेट काढून दारापुढे उभी राहिले. एका दिवसात एकवीस मारल्या आणि दोन डंख खाल्ले, एक मानेला, एक मनगटाला. त्यांना अडकवायला साखरेच्या पाण्याच्या बाटल्या टांगल्या. दारांना लाकडाच्या पट्ट्या ठोकून ती अरुंद केली. पट्ट्या त्यांनी कुरतडल्या. पण काहीही केलं तरी एक काम मी चुकवलं नाही. रोज सकाळी दारं घासली. मला वाटायचं, जुलाबाने आधीच अशक्त झाल्यात बिचाऱ्या, निदान घाणीत तरी राहू नयेत.

त्याच दिवसांत ह्यांनी नवीनच सुरू केलं.

शेजारणीच्या कोंबड्या भिंतीच्या खिंडारातून आमच्या अंगणात येत. पडवीच्या कडेला घाण करून जात. एका दुपारी मी बाहेर आले तर हे खुर्चीतून इतके वाकले होते की पडायचेच बाकी होते, आणि डाव्या हाताने ती घाण उचलून पडवीच्या खांबाला फासत होते. बोटं भरलेली, बाही भरलेली. इस्पितळात असे पेशंट मी पाहिले होते. डोक्यावर परिणाम झाला की माणसं असं करतात, त्यांच्या चादरी वेगळ्या गाठोड्यात येतात. माझा नवरा त्या गाठोड्यात गेला, असं मला वाटलं. मी त्यांचा हात धुतला, खांब फिनाईलने धुतला आणि न्हाणीघराचं दार लावून रडले. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी परत.

मी शेजारणीकडे गेले आणि तिला नको नको ते बोलले. ही तशी भली बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अंडी विकून घर चालवते. “तुमच्या कोंबड्या आवरा, नाहीतर मी तक्रार करीन,” असं मी तिला तिच्याच दारात उभं राहून सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती. मी पाठ फिरवली. दोन दिवसांत तिने खुराड्याभोवती तारेची जाळी लावली आणि कोंबड्या यायच्या बंद झाल्या.

तरीही जुनं वाळलेलं काहीबाही ह्यांच्या हाताला लागायचंच. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, “आजी, तोंडात गेलं तर आजार होईल हं.” मग मी ते केलं. धुलाईघरात आम्ही नळ्या उपटणाऱ्या पेशंटांसाठी जाड कापडाच्या हातपिशव्या शिवायचो, हात आत घालून मनगटाशी नाडी बांधायची. शेकड्याने शिवल्या होत्या. निवृत्त होताना त्यातली एक मी आणली होती, गरम भांडं उचलायला बरी म्हणून. ती मी ह्यांच्या डाव्या हाताला बांधली. दोन गाठी मारल्या, दाताने सुटू नयेत अशा. हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी हात ओढला नाही. ‘अं’ही केलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी दांड्यावर थाप मारणंही सोडलं, आणि मला वाटलं, चला, शांत झाले.

तेव्हा सहावी पेटी चालू होती.

तर दहावी गेल्याचा चौथा दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. दहाव्या पेटीतून गांधीलमाश्या शेवटच्या अळ्या काढत होत्या, दुपारपर्यंत त्या संपणार होत्या. मग अकरावी. ह्यांच्या तोंडात चार दिवसांत चमचाभर पाणी गेलं होतं, तेही मी गाल दाबून घातलेलं. मला एकच सुचलं, की शेजारणीकडे जाळी उरली असेल तर मागावी आणि पेटीला गुंडाळावी. जिला तोंड वर करून बोलले तिच्याकडे तोंड खाली घालून जायचं. नवरा जात असताना लाज कसली, म्हणून गेले.

ती खुराड्यापाशी दाणे टाकत होती. मला बघून तिने डबा खाली ठेवला. मी म्हटलं, “वहिनी, जाळीचा तुकडा असेल का?”

“आहे ना. काढून देते,” म्हणाली आणि आत गेली.

मी तिथेच उभी राहिले. खुराड्यातल्या घाणीवर माश्या बसल्या होत्या. घाणीवर माश्या बसणारच, त्यात काय बघायचं. पण बत्तीस वर्षं डाग हुडकायची सवय, डोळा आपोआप तिकडे गेला. त्या साध्या घरमाश्या नव्हत्या. त्या मधमाश्या होत्या. जाळीतून आत जाऊन एकेक माशी कोंबडीच्या घाणीचा मसुराएवढा गोळा तोंडात धरत होती आणि भिंतीवरून आमच्या अंगणात जात होती. मी शेजारणीचं स्टूल ओढलं, वर चढले आणि भिंतीपलीकडे पाहिलं. ती माशी अकराव्या पेटीच्या दाराशी उतरली. तोंडातला गोळा तिने दाराच्या कडेला टेकवला, दाबला, डोकं वर-खाली करून नीट फासला. मग परत उडाली, परत खुराड्याकडे. दाराला तसे सात-आठ डाग झाले होते. तासाभरापूर्वी मी ते दार घासून लख्ख केलं होतं.

शेजारीण जाळी घेऊन आली. मी स्टुलावरूनच विचारलं, “ह्या इथे का येतात?”

“माश्या होय? दर वर्षी येतात की, ताई. यंदा कमी आहेत.” मग ती थांबली. “भाऊजी टोपली न्यायचे ना, म्हणून त्यांना इतकं लांब यायला लागायचं नाही.”

“कसली टोपली?”

तिने जीभ चावली. “तुम्हाला सांगू नका म्हणाले होते.”

“वहिनी, ते मरायला टेकलेत. सांगा.”

“अहो, घाणीची टोपली. पाऊस उघडला की दर तीन दिवसांनी न्यायचे. पेट्यांच्या मागे ओतून ठेवायचे, तुमच्या नजरेला पडणार नाही असं. माश्या ते दाराला लावतात, मग गांधीलमाशी दाराशी टेकत नाही म्हणायचे. मला काय कळतंय त्यातलं. मला वाटलं, यंदा तुम्ही दुसरं काही औषध आणलं असेल. सांगायला निघाले होते त्या दिवशी, पण तुम्ही…” तिने वाक्य पुरं केलं नाही, तेवढी ती भली आहे.

“आणि मला का सांगू नका?”

“तुम्हाला घाण खपत नाही ना, म्हणून. बायको सगळी दारं धुऊन काढेल म्हणायचे, हसायचे. जाताना इथेच नळावर हात धुवायचे, कोपरापर्यंत. तो बघा, साबण अजून आहे त्यांचा.”

नळामागे विटेच्या खाचेत साबणाची चिपटी होती. उन्हाने तडकलेली, एका बाजूने झिजलेली. मी ती उचलून नाकाला लावली. तोच वास. चौतीस वर्षं हा माणूस दुसरीच्या नळावर हात धुऊन माझ्या घरात पाऊल टाकत होता आणि मी तो वास बहिणींना मिरवत होते. माझ्या भीतीने त्यांनी एक गोष्ट लपवली, आणि ती नेमकी तीच गोष्ट होती. बरं, ती तरी शेवटपर्यंत कुठे लपवली? वाचा गेल्यावर उरलेल्या एका हाताने ते मला रोज सांगत होते. खांबाला फासून दाखवत होते. मी तो हात धुतला आणि मग बांधून ठेवला. मी शेण खाल्लं होतं, आणि तेही फिनाईलने धुऊन.

“टोपली द्या,” मी म्हटलं.

“मी भरून देते, तुम्ही कशाला…”

“टोपली द्या, वहिनी.”

मी खुराड्यात गुडघ्यांवर शिरले. खराटा वगैरे काही घेतलं नाही. ओल्या घाणीत दोन्ही हात घातले, कोमट होती. एकदा उलटी झाली, पण टोपली भरली.

पडवीत आले तेव्हा हे डोळे मिटून होते. मी आधी हातपिशवी सोडायला घेतली. गाठी सुटेनात. माझ्याच गाठी, त्या सुटणाऱ्या नव्हत्याच, शेवटी विळीवर कापल्या. आतला हात पांढरा पडला होता, दिवसभर हौदात असलेल्या पोरींचे हात पडायचे तसा, सुरकुतलेला आणि आंबूस वासाचा. सुताराचा हात तो, त्यावरचे घट्टे मऊ झाले होते. “चुकले मी,” मी म्हटलं. “अहो, चुकले.” मला वाटलं होतं ते डोळे फिरवून घेतील. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. नाकपुड्या हलल्या, डोळे उघडले आणि थेट टोपलीकडे वळले. मग डावा हात उठला आणि दांड्यावर आपटला.

“आत्ता लावते. कुठे लावू?”

दहाव्या पेटीपाशी गांधीलमाश्यांचं येणं-जाणं विरळ झालं होतं. दोन-तीन जणी रिकाम्या तोंडाने बाहेर येऊन अकराव्या पेटीसमोर घिरट्या घालायला लागल्या होत्या. आतल्या मधमाश्या ओंजळभर उरल्या असतील, एवढ्यांनी दार कधी सारवायचं? मी टोपली घेऊन पेटीपुढे बसले आणि पहिला हात माश्या उतरतात त्या खालच्या फळीवर फिरवला. पाठीमागून थाप. म्हणजे चूक. मी दाराच्या वर हात नेला. थाप नाही. डावीकडे नेला, थाप नाही. जाड थापायला गेले तर दोन थापा. मी बोटाने ठिपके देत गेले, माश्या देतात तसे, जवळ जवळ. आयुष्यभर डाग काढले, आता एकेक डाग मोजून लावत होते आणि मागे मुकादम बसला होता. मधमाश्या माझ्या बोटांवरून चालत होत्या. एकीनेही डंख मारला नाही. त्यांना बहुतेक वेळच नव्हता.

शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, “ताई, आल्या हो.”

नऊ होत्या. मी रॅकेट घेऊन बाजूला झाले. पहिली दारासमोर आली, हवेत उभी राहिली, पुढे सरकली आणि ठिपक्यांपासून वीतभर अंतरावर मागे फिरली. दुसरीही तशीच. मला हसू फुटणार तेवढ्यात तिसरी बाजूच्या भिंतीवर उतरली, कडेकडेने चालत खाली आली, आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे मी बोट नेलं नव्हतं तिथून, आत गेली. मी रॅकेट टाकून झाकणाला हात घातला. थाप, थाप, थाप. मी वळून बघितलं. ह्यांनी डाव्या हाताची मूठ केली होती. घट्ट, बोटं पांढरी होईपर्यंत, आणि ती मूठ थरथरत होती. ती मूठ त्यांनी माझ्यापुढे धरली होती. मला अर्थ कळला नाही. पण ह्या वेळी मी थांबले. झाकण उघडलं नाही.

दाराच्या फटीला डोळा लावला. आत लगेच एक गोळा दिसला, मोसंब्याएवढा, नुसत्या मधमाश्यांचा. गांधीलमाशी मध्ये होती आणि त्या तिला चारी बाजूंनी चिकटून अंग थरथरवत होत्या. त्या चावत नव्हत्या, पळत नव्हत्या, तिला नुसत्या आवळून धरून होत्या. मी पेटीच्या अंगाला तळवा लावला. लाकूड सावलीत असून गरम लागलं. इस्पितळात कपाळावर हात ठेवून ताप सांगायची मी, हा ताप एकशे चारच्या वरचा होता. त्या तिला आपल्या अंगाच्या उष्णतेने भाजत होत्या, आणि आणखी थोडी उष्णता वाढली असती तर स्वतःही भाजल्या असत्या.

“वहिनी, इकडे या,” मी हाक मारली. “ह्यांना खाली घ्यायचंय.”

पडवीला दोन पायऱ्या. आम्ही दोघींनी खुर्ची उलटी धरून उतरवली, दुसऱ्या पायरीवर ती इतकी आपटली की मला वाटलं गेले. बाकीच्या आठ गांधीलमाश्या डोक्यावरून फिरत होत्या, एक माझ्या कानामागे डसली. मी खुर्ची पेटीला भिडवली, ह्यांचा डावा हात धरला आणि तळवा पेटीवर टेकवला. त्यांचे डोळे मिटले. मी माझा हात त्यांच्या हातावर दाबून ठेवला, माझ्या हाताची सगळी घाण त्यांच्या हाताला लागली. आम्ही तसेच बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. शेजारीण रॅकेट फिरवत उभी होती आणि मधूनमधून “अगं बाई” म्हणत होती.

लाकूड हळूहळू निवत गेलं. गोळा सैल झाला. मग दोन मधमाश्यांनी ती मेलेली गांधीलमाशी ओढत दारापर्यंत आणली आणि फळीवरून खाली ढकलली. तिच्यामागून मेलेल्या मधमाश्या आल्या, एकेक. मी पन्नासपर्यंत मोजल्या आणि पुढे मोजायचं सोडलं. उरलेल्या आत किती होत्या, देव जाणे. राणी होती की नाही तेही मला माहीत नव्हतं. आठ गांधीलमाश्यांनी आणखी दोन-तीन चकरा मारल्या, ठिपक्यांपर्यंत आल्या, मागे फिरल्या, आणि भिंतीवरून गेल्या. उद्या त्या येणार होत्या. परवाही येणार होत्या.

मी उठायला लागले तर ह्यांनी माझं मनगट धरलं. त्यांनी माझा हात उलटा केला आणि तळवा बघितला. काळा-हिरवा, कोपरापर्यंत माखलेला, नखांत भरलेला. बराच वेळ बघितला. ओठांची डावी बाजू वर गेली. मग त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं, पिल्लं उघडतात तसं, आणि उघडंच ठेवलं.

“थांबा, आधी हात धुते,” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मनगट सोडलं नाही. मी एकदा त्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदा नळाकडे. एवढ्या दिवसांनी ह्या माणसाने तोंड उघडलं होतं आणि मी साबणाचा विचार करत होते.

“वहिनी,” मी म्हटलं, “ओट्यावर वाटी झाकून ठेवलीय. चमचा घेऊन या. तुम्हीच भरवा आज.”

तिने सात चमचे भरवले. ह्यांनी सातही गिळले. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं, आणि दुसऱ्या हाताने मी दाराच्या खालच्या कोपऱ्यात राहिलेले ठिपके देत होते.